शास्त्रीबुवांचे प्रकरण

'प्रकरण' हा शब्द मराठीत आज बदनाम झाला आहे. कुणाचे कुणाशी काही जुळले किंवा एखाद्या कचेरीत काही गडबड झाली, की लोक त्याला प्रकरण म्हणतात. संस्कृत नाट्यशास्त्रात मात्र तो नाटकाचा एक प्रतिष्ठित प्रकार आहे. ज्याची कथा पुराणातून उचललेली नसते, कवीने स्वतः रचलेली असते; ज्याचा नायक राजा नसून साधा माणूस असतो आणि ज्यात प्रेमाला संकटांतून वाट काढावी लागते, ते प्रकरण. हा भेद जाणणारी माणसे आमच्या काशीतल्या मराठी घरांतूनही आता विरळ झाली. माझे स्नेही सदाशिवशास्त्री त्यांपैकी एक होते, आणि उतारवयात या एका शब्दापायी ते चांगलेच अडचणीत आले होते.

पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला, उन्हाचा कवडसा फक्त मध्यान्हीच उतरतो अशा एका गल्लीत आमची पाठशाळा होती. मी तिथे याज्ञिक, म्हणजे धर्मविधी, शिकवीत असे आणि शास्त्रीबुवा अलंकारशास्त्र. त्यातही त्यांचा खास प्रांत काव्यदोषांचा. श्लोकात कुठे वृत्त मोडले, कुठे शब्द कानाला टोचला, कुठे कवीने देश-काळ सोडून वर्णन केले, हे त्यांना न शोधता सापडे. दोष कानी पडला की ते डोळे मिटत आणि उजव्या हाताची तर्जनी वर करीत. बोलत काहीच नसत. ते बोट पाहून भल्याभल्या पंडितांची जीभ अडखळे. विद्यार्थी त्यांना आपसांत 'बोटशास्त्री' म्हणत, आणि हे शास्त्रीबुवांना माहीत होते. "समास सदोष आहे," एवढेच ते म्हणत.

या बोटाने त्यांच्या स्वतःच्या लग्नालाही सोडले नव्हते. ती हकीकत त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, पाहुण्यांना हमखास सांगत. "मंगलाष्टकं चालली होती. कुणा काकांनी वृत्त मोडलं, आणि अंतरपाटाच्या वरून यांचं बोट! भटजी थांबले, वाजंत्री थांबली. मी आपली हार धरून उभी. हात भरून आले हो! वाटलं, हार घालावा की परत माघारी न्यावा?" शास्त्रीबुवा यावर शांतपणे म्हणत, "काकांच्या ओळीत एक गुरू, दीर्घ अक्षर, कमी पडला होता. तो घालून घेतला नसता तर संसार लंगडा झाला असता."

त्यांचा संसार लंगडा झालाच, पण तो त्या काकांमुळे नव्हे. त्यांना एकच मुलगा होता, विनायक. रामनगरच्या रामलीलेला जाण्यासाठी तो भरल्या गंगेत नावेत बसला आणि मध्यधारेत नाव उलटली. काहीजण पोहून निघाले, काहींची शरीरे पुढच्या घाटांवर लागली. विनायक निघालाही नाही आणि लागलाही नाही. वाचलेल्यांपैकी एकजण सांगत होता की त्याने पलीकडच्या काठावर विनायकला ओल्या कपड्यांनी उभा पाहिला. दुसऱ्याच दिवशी तो म्हणू लागला, "अँधेरा था, कोई और भी हो सकता है।" परंतु पहिल्या दिवशीचे वाक्य शास्त्रीबुवांच्या कानात शिरले होते, आणि त्यांच्या कानात शिरलेले वाक्य बाहेर निघत नसे.

आमच्या धर्मशास्त्राने अशा घरांचाही विचार केला आहे. जो माणूस नाहीसा झाला, ज्याची काही वार्ता नाही, त्याची बारा वर्षे वाट पाहावी. त्यानंतर पळसाच्या पानांचा पुतळा करून, मस्तकाच्या जागी नारळ ठेवून, त्याचे दहन करावे आणि मग इतर मृतांप्रमाणे त्यालाही पाणी द्यावे. तोपर्यंत त्याला तर्पण नाही, पिंड नाही. पितृपक्षात शास्त्रीबुवा आपल्या पितरांना, गुरूंना, निपुत्रिक गेलेल्या स्नेह्यांनासुद्धा पाणी देत. मुलाचे नाव तेवढे वगळत, कारण पाणी दिले की तो मेला.

बारा वर्षे भरली तेव्हा वहिनींनी मला बोलावून घेतले. त्यांचे गुडघे गेलेले होते. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून गहू निवडत होत्या.

"भावजी, तुम्ही तरी सांगा यांना. माझं पोर गेलं असेल तर तहानेलं आहे. पाण्यात गेलं, आणि पाण्यावाचून आहे. मी गेल्यावर त्याला कोण पाणी देणार?"

"आणि गेला नसेल तर?" आतल्या खोलीतून आवाज आला.

"गेला नसता तर आला असता," वहिनी माझ्याकडेच पाहत म्हणाल्या. गहू निवडणे थांबले नव्हते.

शास्त्रीबुवा बाहेर आले. "बुडाला हे कुणी पाहिलं? प्रत्यक्ष प्रमाण नाही. नाव उलटली म्हणून बुडाला, हे अनुमान; आणि त्याच नावेतले लोक वाचले, म्हणजे हेतू सदोष." त्यांनी तर्जनी वर केली. पण डोळे मिटले नव्हते. "पुढच्या वर्षी बघू," असे म्हणून ते आत गेले. मीही उठलो. शास्त्रार्थात हरवता येणाऱ्या माणसाशी वाद घालावा. हरलेल्याशी काय घालणार!

आता प्रकरणाकडे येतो.

शहरात एक जुनी टॉकीज होती. तिच्या मालकाने डागडुजी करून घेतली आणि वास्तुपूजनाच्या मंत्रपठणाला पाठशाळेतून चारजणांना नेले. शास्त्रीबुवा त्यांत होते. दक्षिणा झाल्यावर मालकाने फार आग्रह केला, 'प्रसाद समजून तेवढा एक खेळ पाहून जा.' बाकीचे तिघे संध्येचे निमित्त सांगून निसटले. शास्त्रीबुवा भिडस्तपणाने बसले, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात तो जुना सिनेमा दुपारच्या खेळाला लागला की ते गल्लीबोळांतून तिकडे जाऊ लागले. इतक्या वेळा पाहिलेल्या त्या सिनेमाचे नाव त्यांनी एकदाही उच्चारले नाही. काशीतला अलंकारशास्त्राचा अध्यापक ते नाव तोंडाने कसे घेणार? ते त्याला 'प्रकरण' म्हणत.

एका श्रावणात त्यांनी विद्यार्थ्याकरवी मला निरोप धाडला. तो निरोप त्या मुलाने आमच्या जिन्याखालून मोठ्याने सांगितला: "गुरुजींचं प्रकरण परत सुरू झालंय! दुपारी येता का, विचारलंय!" जिन्यावर शेजारच्या काकू होत्या. संध्याकाळपर्यंत ब्रह्माघाट ते दुर्गाघाट सगळ्या मराठी घरांत बातमी पोहोचली की सदाशिवशास्त्र्यांचे या वयात प्रकरण आहे, आणि याज्ञिक गुरुजींना ते ठाऊक आहे. दोघी-तिघी सांत्वनाला वहिनींकडे गेल्या. वहिनी म्हणाल्या, "असू द्या हो. मला ठाऊक आहे ती. पडद्यावरच असते बिचारी, घरी जेवायला येत नाही."

बायका हसत परतल्या, पण वहिनी हसल्या नव्हत्या. त्या मला नंतर म्हणाल्या, "सिनेमाला जातात, जाऊ देत. पण तोच का, भावजी? त्यात नाव बुडते म्हणतात. बुडणारी नाव बघायला या माणसाचं मन कसं होतं?"

हाच प्रश्न मी शास्त्रीबुवांना घाटाच्या पायऱ्यांवर विचारला. ते उलट सिनेमातले दोषच सांगू लागले. मी कधी पाहिले नव्हते इतक्या आनंदाने.

"अहो वैदिकबुवा, नदी आहे आपल्या मुलखातली, आणि काठावर नारळ! देशविरोध. नायक आगबोटीत कोळसा टाकणारा, नायिका कप्तानाची मुलगी. भट्टीपाशी दोघं गाणं म्हणतात. हा काजळीनं माखलेला, तिला मिठीत घेतो, आणि तिच्या पांढऱ्या लुगड्याला डाग नाही! कार्यकारणभाव गेला. वादळात तिचा पदर फडफडतो आणि मागचं झाड ढिम्म. आगबोट बुडते, तेव्हा शेजारून एक बुडबुडा वर येतो, तो आगबोटीहून मोठा!"

"मग बघता कशाला?"

"दोष म्हणजे काय? रसाला जखम करील तो दोष. बाकीचे नुसते मुरूम. इतके मुरूम आहेत, आणि तरी ती पोरगी त्याच्याकडे बघते तेव्हा मला त्यातला एकही दिसत नाही. जन्मभर शिकवलं ते सगळं खोटं पडतं आणि मला बरं वाटतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे पाठशाळेत सांगू नका."

त्या वर्षी मी त्यांच्याबरोबर गेलो. धर्मशास्त्र शिकवणाऱ्याने दुपारच्या वेळी टॉकीजमध्ये जावे, याचे समर्थन मला तेव्हाही करता आले नाही. शास्त्रीबुवांनी ओळखू येऊ नये म्हणून धोतरावर मुलाचा जुना कोट चढवला होता आणि डोक्याला मफलर गुंडाळला होता. श्रावणातल्या उकाड्यात मफलर गुंडाळलेला तो एकच मनुष्य अख्ख्या शहरात असावा. कपाळावरचे गंध तसेच होते. दारावर तिकिटे फाडणारा लल्लन म्हणून एक प्रौढ इसम होता. तो ओरडला, "का गुरु! आज दू-दू पंडित? आज त फिलिम क उद्धार हो जाई!"

आत पंखे फिरत होते पण वारा नव्हता. खुर्च्यांचा काथ्या निघालेला. थोडे रिक्षावाले झोपायला आले होते, ते झोपले. शास्त्रीबुवा मात्र ताठ बसले. नायकाच्या प्रत्येक वाक्याआधी त्यांचे ओठ हलत. दोषांमागून दोष पडद्यावरून जात होते आणि त्यांची तर्जनी मांडीवर स्वस्थ पडून होती. एकदाही उठली नाही.

आगबोट बुडण्याचा भाग आला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि माझे मनगट धरले. तो बुडबुडा मी एकट्यानेच पाहिला. नायक उतारूंसाठी दोर धरून ठेवतो, सगळे काठाला लागतात, नायिकाही लागते, आणि दोर तुटतो. तो गेला. नंतर गाणे होते. नायिका नदीत दिवे सोडते, मागे काठावर शे-दोनशे माणसे उभी. आता मनगट सुटले, असे मला वाटले, तोच मनगटावरची पकड घट्ट झाली. शास्त्रीबुवांचे डोळे उघडे होते.

"डावीकडे. त्या छत्रीवाल्या म्हातारीमागे. पाहिलात?"

मी पाहिले. गर्दीत तो उभा होता. तोच नायक, त्याच फाटक्या सदऱ्यात, हातातल्या पुड्यातले शेंगदाणे खात. त्या दिवशी त्या नटाचे काम नसावे. चित्रीकरण पाहायला येऊन उभा राहिला असावा आणि यंत्रात सापडला असावा. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ते दृश्य गेले. नायिका रडत होती, गाणे चालले होते आणि मेलेला माणूस काठावर शेंगदाणे खात उभा होता.

बाहेर आलो. चिखल फार होता. दोघे एकमेकांना धरून चाललो होतो. पाठशाळेच्या गल्लीशी ते थांबले आणि म्हणाले, "केवढा मोठा दोष! आणि इतक्या वर्षांत काढून टाकावा असं कुणाला सुचलं नाही."

मी वहिनींना काही सांगितले नाही. माझे ते सांगणे नव्हते.

आणखी दोन पावसाळे गेले. वहिनी खंगत चालल्या. पितृपक्षात तर्पण सुरू झाले की त्या हातातले काम टाकून उठत आणि मोरीपाशी जाऊन उभ्या राहत, म्हणजे आतले मंत्र ऐकू येऊ नयेत; वगळलेले नाव ऐकू येते, असे त्या म्हणत. शास्त्रीबुवा 'पुढच्या वर्षी' म्हणत. दोघेही थकले होते आणि दोघेही एकमेकांवर दया करीत होते, त्यामुळे काहीच घडत नव्हते.

तिसऱ्या श्रावणात प्रकरण पुन्हा लागले. शास्त्रीबुवा मफलर शोधू लागले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मी पण येते."

"तुला काय करायचंय तिथे?"

"तुम्हाला काय करायचं असतं? तेच."

मला सोबतीला घेतले. वहिनींना गल्लीच्या तोंडापर्यंत धरून आणले, पुढे रिक्षा. लल्लन त्यांना पाहून चेष्टा करायचे विसरला. त्याने चांगली खुर्ची पुसून दिली. वहिनी मध्ये बसल्या. त्यांनी आयुष्यात दोन-तीनच सिनेमे पाहिले असतील. फीत जुनी झाली होती. पडद्यावर सारखा रेघांचा पाऊस पडत होता, माणसे बोलता बोलता उड्या मारून पुढे जात होती.

आगबोट बुडू लागली. शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. वहिनींनी मिटले नाहीत. त्या पुढे वाकून पाहत होत्या. बुडबुडा वर आला, आणि त्या हसल्या. किती वर्षांनी ते हसणे मी ऐकत होतो!

"किती खोटं बुडवलंय हो हे!" त्या म्हणाल्या. मग हसणे थांबले. "पाणी असं नसतं," त्या अंधारात हळूच म्हणाल्या. "पाणी असं नसतं, अहो."

शास्त्रीबुवांनी डोळे न उघडताच त्यांचा हात धरला. दोर तुटला. नायक गेला. मी डावीकडे पाहत राहिलो, त्या छत्रीवाल्या म्हातारीची वाट पाहत.

पडदा पांढरा झाला. दिवे लागले. रिक्षावाले आळस देत उठले.

शास्त्रीबुवा बसूनच होते. लल्लन दारे उघडत आला तेव्हा त्यांनी विचारले, "अरे लल्लन, अंत कहाँ गया? दीये वाला गाना?"

"ऊ रील त गल गयल रहल, गुरुजी. बार-बार टूटत रहे, त मालिक कटवा देहलन." विरलेले ते शेवटचे रीळ मालकाने कापून टाकले होते. मग त्यांचा चेहरा पाहून लल्लन समजुतीने म्हणाला, "हीरो त मर गयल. ओकरे बाद के बइठेला?"

"ठीक," शास्त्रीबुवा म्हणाले.

वहिनींनी विचारले, "काय होतं शेवटी?"

"काही नाही. लोक उभे असतात."

रिक्षाचे टप पावसाने टपटपत होते. दोघे आत, मी पुढच्या रिक्षात. गल्लीच्या तोंडाशी उतरलो, वहिनींना एका दुकानाच्या ओट्यावर बसवले, आणि शास्त्रीबुवा माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "वैदिकबुवा, पळसाची पानं हल्ली कुठे मिळतात?"

मी म्हणालो, मी आणवीन.

मग त्यांनी विचारले, "आणि हे सगळं केल्यावर तो आला तर? शास्त्र काय सांगतं?"

शास्त्राने तेही सांगून ठेवले आहे. मी म्हणालो, "तुपाने भरलेल्या पात्रात त्याला बुडवून बाहेर काढायचा. मग तो नव्याने जन्मला असं मानून जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा."

"म्हणजे पुन्हा बुडवायचाच," शास्त्रीबुवा म्हणाले. मग ओट्यावर बसलेल्या वहिनींकडे पाहून, "असो. तुपात बुडलेला निघतो तरी."

पितृपक्षाच्या आधी विधी झाला. पुतळा त्यांनी स्वतः बांधला; एकेक पान फडक्याने पुसून ठेवीत होते. दहन झाले, आणि तिलांजलीसाठी आम्ही पंचगंगा घाटावर उतरलो. पाणी अजून चढेच होते, खालच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. वहिनींना वरच्या पायरीवर पाट दिला होता. पाठशाळेतले सगळे आले होते. ज्यांच्या जिभांना त्या बोटाने आयुष्यभर वळण लावले ते पंडित आणि विद्यार्थी पायऱ्यापायऱ्यांवर उभे होते.

शास्त्रीबुवा कमरेइतक्या पाण्यात शिरले. ओंजळीत तीळ घेतले, पण लगेच मंत्र म्हणेनात. मागे वळून त्यांनी घाटावरच्या माणसांवरून नजर फिरवली. डावीकडून सुरुवात करून, सावकाश, एकेका चेहऱ्यावरून. लोक उभे होते. मग ते पाण्याकडे वळले.

मी त्यांना वाक्य सांगितले. काश्यपगोत्राच्या विनायक नामक प्रेताला तृप्त करतो, एवढाच त्याचा अर्थ. नाव द्वितीया विभक्तीत यायला हवे आणि त्याला 'प्रेत' हा शब्द जोडलेला हवा. शास्त्रीबुवांनी गोत्र म्हटले, शुद्ध, खणखणीत. मग नाव आले. 'प्रेत' हा शब्द जोडलेला नव्हता. द्वितीयाही नव्हती. संबोधन आले, शेवटचा स्वर लांबवलेले, पलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला जेवायला बोलवावे तसे:

"विनायक!"

ओंजळ रिती झाली. वरच्या पायरीवर वहिनींनी पदर तोंडाशी नेला. घाटावर इतके वैयाकरण उभे होते; कुणाचीही तर्जनी वर झाली नाही.

मी पुढचा मंत्र सुरू केला.